वृक्षादनी कीं वृक्षरुहा? मूळ तुटलेल्या आमरीच्या पुनःस्थापनेचा विचार

जुन्या कोशांतील एखादा शब्द चुकीच्या अर्थानें लावला गेला, तर त्याचा परिणाम बहुधा तळटीपेपुरताच राहतो. परंतु कांहीं शब्द असे आहेत कीं, त्यांच्या अर्थाविषयींच्या घोटाळ्यानें जिवंत वस्तूंचा नाश झाला आहे. ‘वंदा’ हा त्यांपैकीं एक होय. प्रस्तुत लेखांत या शब्दाच्या अनुषंगानें दोन गोष्टींचा विचार करण्याचें योजिलें आहे. पहिली ही कीं, झाडाच्या खांद्यावर वाढणाऱ्या आमरीविषयीं आपल्या जुन्या वाङ्मयांत व परदेशी ग्रंथांत काय ज्ञान नमूद आहे; आणि दुसरी ही कीं, मुळें तुटलेली अगर दूर देशाहून नुकतीच आणलेली आमरी नव्या ठिकाणीं कशी स्थिर करावी, याचा त्या ज्ञानावरून कोणता नियम निघतो.

या विचारास कसोटीचें स्थळ म्हणून आम्हीं अणदूर हें गांव घेतलें आहे. धाराशिव (पूर्वींच्या उस्मानाबाद) जिल्ह्यांत, तुळजापूर तालुक्यांत, नळदुर्गाच्या शेजारीं, सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव आहे. महाराष्ट्रांत त्याची प्रसिद्धि खंडोबामुळें आहे. तेथील देव एक आणि देवळें दोन, एक अणदुरास व दुसरें नळदुर्गास. वर्षाचे सुमारें सव्वादहा महिने देव अणदुरास असतो व पावणेदोन महिने नळदुर्गास. ही ने-आण ठरलेल्या काळीं, उभय गांवांच्या मानकऱ्यांमध्यें करार होऊन होते. स्थलांतर निर्विघ्न व्हावें तर काळ नेमलेला हवा आणि पुढील बैठक आधीं सिद्ध हवी, हें तत्त्व या गांवास कोणी शिकवावयास नको. आमरीच्या स्थलांतराचाही नियम याहून निराळा नाहीं, हें पुढें दिसून येईल. अणदूर निवडण्याचें दुसरें कारण तेथील हवा होय. बालाघाटाच्या या पठारावर वर्षाकाठीं सरासरी सातशें-आठशें मिलिमीटर पाऊस पडतो. उलट सह्याद्रीच्या माथ्यावर, आंबोलीस, तोच सात हजारांच्या घरांत जातो. घाटमाथ्यावरील आमरी अशा कोरड्या पठारावर जगविणें ज्यास साधेल, त्यास ती इतरत्रही साधेल.

१. कोशांची साक्ष

अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत ‘वंदा’ या वनस्पतीस वृक्षादनी, वृक्षरुहा व जीवंतिका असे पर्याय दिले आहेत. यांतील पहिल्या दोहोंचे अर्थ परस्परांशीं जुळत नाहींत, इकडे वाचकांचें लक्ष वेधणें अवश्य आहे. वृक्षादनी म्हणजे वृक्षास खाणारी. वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर वाढणारी. एक नांव दोष लावतें, दुसरें केवळ स्थान सांगतें. आमच्या मतें हीं दोन निराळ्या वनस्पतींचीं वर्णनें एका शब्दाखालीं एकत्र आलीं आहेत. वृक्षास खाणारें तें बांडगूळ. त्याचें चिकट बीं पक्ष्यांच्या द्वारें फांदीवर चिकटतें, त्याचीं शोषक मुळें सालींतून आंतल्या लांकडांत शिरतात व झाडाचें पाणी ओढून घेतात. वृक्षावर नुसती वाढणारी ती आमरी. तिचें मूळ सालीस घट्ट धरून बसतें, परंतु आंत शिरत नाहीं. झाडाकडून तिला आधार, सावली आणि सालीच्या खांचांतून साठलेला केरकचरा यापलीकडे कांहीं मिळत नाहीं. लोकांच्या बोलींत मात्र दोन्ही ‘बांदा’ अगर ‘बांडगूळ’ म्हणूनच ओळखलीं जातात आणि आंबराईंत बांडगूळ उतरवितांना आमरीही पुष्कळदां कोयत्यानें खरडून काढली जाते.

तिसरा पर्याय जीवंतिका हा याहून अधिक बोधप्रद आहे. हेंच नांव अमरकोशांत गुडूचीस, म्हणजे आपल्या गुळवेलीसही दिलें असून, तिचा आणखी एक पर्याय ‘छिन्नरुहा’, तोडली असतां वाढणारी, असा आहे. गुळवेलीचा तुकडा तोडून निंबाच्या फांदीवर टाकला असतां तो सुकून न जातां दोऱ्यासारखीं मुळें खालीं सोडतो, हें खेड्यांतील प्रत्येक घरास ठाऊक आहे. मातीपासून तुटली तरी कांहीं काळ स्वतःच्या सांठ्यावर तग धरणारी व पुढें नवें मूळ काढणारी, या समान गुणावरूनच गुळवेल व वंदा या दोहोंस जीवंतिका हें एक नांव पडलें असावें, असें आमचें अनुमान आहे. तें ग्राह्य धरल्यास, मूळ तुटलेली आमरी मेलेली नव्हे, ही गोष्ट आपल्या कोशकारांच्या परंपरेस ज्ञात होती असें म्हणण्यास हरकत नाहीं.

२. वृक्षायुर्वेदाची मर्यादा

रोपांच्या स्थलांतराविषयीं आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध विवेचन वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाध्यायांत आढळतें. हा ग्रंथ सहाव्या शतकांतील होय. त्याचा आशय असा कीं, ज्या झाडांस अद्याप फांद्या फुटल्या नाहींत तीं शिशिरांत, ज्यांस फुटल्या आहेत तीं हेमंतांत व ज्यांचा बुंधा सुदृढ आहे तीं वर्षाऋतूंत हलवावीं. आणि हलवितांना तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध व शेण यांचा लेप मुळापासून बुंध्यापर्यंत द्यावा. पुढें सुरपालाच्या वृक्षायुर्वेद ग्रंथांत याच विषयाचा विस्तार झाला. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयांत होती. तीवरून हा ३२५ श्लोकांचा ग्रंथ इ. स. १९९६ मध्यें इंग्रजी भाषांतरासह प्रकाशांत आला, हें संग्राहकांस विदित असेलच.

या विवेचनांतील दोन अंश वेगळे करून पाहिले पाहिजेत. ऋतु पाहून, म्हणजे वनस्पतीची विश्रांति व वाढ पाहून स्थलांतर करावें, हा अंश सर्वकाळ खरा आहे. लेपाचा अंश मात्र मातींत राहणाऱ्या मुळांसाठीं सांगितलेला आहे. ज्या मुळाचें घर हवेंत आहे त्यास तुपाचा व शेणाचा लेप दिला तर त्याचें तोंडच बंद होतें. म्हणून प्राचीन वचनाच्या आधारें आमरीच्या मुळांस शेणकाला फासणें हें वचनाचें पालन नसून त्याचा विपर्यास होय.

३. हॉर्टुस मलाबारिकुस व नागरी प्रमाणपत्र

आमरींचें सचित्र व सविस्तर वर्णन ज्यांत हिंदी वैद्यांच्या साक्षीनें आलें, असा जुना ग्रंथ म्हणजे ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ होय. कोचीन येथील डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे यानें तो सिद्ध करविला व त्याचे १२ खंड ॲम्स्टरडॅम येथें इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत छापले गेले. इट्टि अच्युतन् या मल्याळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांनीं या कामीं साह्य केलें. त्यांनीं दिलेलें इ. स. १६७५ सालचें प्रमाणपत्र पहिल्या खंडांत नागरी अक्षरांत कोरून छापिलें आहे. पोर्तुगीज अमदानींत गोमंतक सोडून कोचीनकडे गेलेल्या समाजापैकीं हे लोक. मराठी व कोंकणी लेखनाच्या अभ्यासकांस त्या पानाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट बाराव्या खंडांत आहे. व्हान ऱ्हेडे हा इ. स. १६९१ च्या अखेरीस समुद्रप्रवासांत मुंबईच्या आसपास वारला व त्याचें दफन सुरतेस झालें. हा खंड त्याच्या मागून निघाला. त्यांत झाडांवरील आमरींचीं चित्रें असून त्यांस मल्याळी लोकांचें ‘मरवाळ’ हें नांव दिलें आहे. मरवाळ म्हणजे झाडावरची केळ. परंतु नांव एवढ्यावर थांबत नाहीं. अंजिली झाडावरची ती अंजिली-मरवाळ, शिसवीवरची ती बीटि-मरवाळ, लहान आंब्यावरची ती चेरुमाव्-मरवाळ, याप्रमाणें आश्रय देणाऱ्या झाडाचें नांव आधीं आणि आमरीचें मागून. अंजिली-मरवाळ ही तीच, जिला महाराष्ट्रांत ‘सीतेची वेणी’ अगर ‘द्रौपदीची वेणी’ म्हणतात.

आपल्याकडील तंत्रग्रंथांतूनही अमुक झाडावरचा वंदा अमुक नक्षत्रावर घ्यावा, अशी भाषा येते. तिचा हेतु निराळा असला तरी वंदा हा शब्द झाडाच्या नांवावांचून लिहावयाचा नाहीं, ही शिस्त तींत आहे. पुढें इ. स. १७५३ मध्यें लिनिअसनें व्हान ऱ्हेडेच्या चित्रांवरून यांतील कित्येक आमरींस शास्त्रीय नांवें दिलीं, तेव्हां त्या सर्वांस ‘एपिडेंड्रम’, म्हणजे झाडावरची, या एका जातींत घातलें. झाडावरची एवढें राहिलें. कोणत्या झाडावरची, तें गेलें. नांवाचा हा संक्षेप शास्त्राच्या सोयीचा होता, परंतु लागवड करणाराच्या दृष्टीनें त्यांत मोठी हानि झाली. कारण कोणत्या सालीवर, किती सावलींत आणि कोणत्या उंचीवर ती वनस्पति राहते, याची सूचना जुन्या नांवांतच होती.

‘वंदा’ हा शब्द युरोपीय शास्त्रांत नेण्याचें श्रेय सर विल्यम जोन्स याजकडे जातें. त्याचे वनस्पतिविषयक टिपण त्याच्या निधनानंतर, इ. स. १७९५ मध्यें, एशियाटिक रिसर्चेसच्या चौथ्या खंडांत प्रसिद्ध झालें आणि इ. स. १८२० मध्यें रॉबर्ट ब्राउन यानें ‘व्हँडा’ ही आमरीची जाति कायम केली. येणेंप्रमाणें जो शब्द आपल्याकडे बांडगुळास व आमरीस सरमिसळ लागत होता, तो शास्त्रांत केवळ आमरीचा झाला. शास्त्रानें आपल्या परीनें निवाडा केला. आंबराईंतील कोयत्यापर्यंत मात्र तो पोंचला नाहीं.

४. विलायतेंतील अनुभव

बांडगूळ व आमरी यांचा घोटाळा हा एक, आणि उष्ण देशाची वनस्पति म्हणजे उष्ण व दमट कोंडवाड्याची वनस्पति ही समजूत हा दुसरा. या दुसऱ्या घोटाळ्याची किंमत विलायतेंत मोजली गेली. इ. स. १८३० मध्यें जॉन लिंडले यानें तेथील उद्यानविद्या मंडळापुढें आमरींच्या लागवडीविषयीं निबंध वाचला. अधिक उष्णता, दाट सावली व भरपूर ओलावा हें त्याचें सार होतें. त्यास अनुसरून लोकांनीं कांचगृहें तापविलीं, हवेचे मार्ग बंद केले आणि नुकत्याच उतरलेल्या रोपांवर पाण्याचा मारा केला. सपाटीवरील कांहीं जाति त्यांत तगल्या. डोंगरांतील पुष्कळशा कुजून गेल्या. अर्ध्या शतकाहून अधिक काळ इंग्लंड हें उष्ण देशांतील आमरींचें थडगें झालें होतें, अशा आशयाचा शेरा पुढें जोसेफ हूकर यानें दिला. पुढें चॅट्सवर्थ येथें जोसेफ पॅक्स्टन यानें उष्णता कमी केली, वारा खेळता ठेविला, तेव्हां परिस्थिति पालटली.

हूकरचा स्वतःचा अनुभव तर मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. इ. स. १८५० मध्यें तो खासी टेंकड्यांत असतां त्यास निळी व्हँडा विपुल आढळली. ती ओक इत्यादि झाडांवर, मोकळ्या वाऱ्यांत व उजेडांत वाढत होती. दमट अंधाऱ्या जागीं नव्हे. क्यू येथील राजोद्यानासाठीं त्यानें सात माणसांचे ओझें होईल इतकीं रोपें जमविलीं. त्यांपैकीं फार थोडीं विलायतेस जिवंत पोंचलीं. दुसऱ्या एका गृहस्थानें पाठविलेलें एकच माणसाचें ओझें वाईट अवस्थेंत पोंचूनही ३०० पौंडांस विकलें गेलें. हा वृत्तांत त्याच्या इ. स. १८५४ च्या हिमालयप्रवासाच्या ग्रंथांत आहे. सात ओझ्यांचा जंगलांतील लोप आणि एका ओझ्याचें बाजारांतील मोल, हीं दोन्ही एकाच पानावर वाचावयास मिळतात. आमरींच्या व्यापाराचा सारा इतिहास त्यांत सांठला आहे.

त्याच सुमारास नॅथॅनिएल वॉर्ड याच्या बंद कांचपेटीनें रोपें जहाजांतून नेण्याची सोय झाली होती आणि इ. स. १८३३ पासून ती समुद्रपर्यटनांत वापरांत आली. मातींतील रोपांस ती फार उपकारक ठरली. आमरीस मात्र बंद ओलाव्यापेक्षां विश्रांतीच्या काळांत, कोरड्या स्थितींत, वारा लागेल अशा खोक्यांतून केलेला प्रवासच अधिक मानवला. जें साधन एकास तारक तें दुसऱ्यास मारक, हें ओळखण्यास मुळाची रचनाच पाहावी लागते.

५. मुळाची रचना

झाडावरील आमरीच्या मुळाभोंवतीं मृत पेशींचें स्पंजासारखें पांढुरकें आवरण असतें. शास्त्रज्ञ त्यास व्हेलामेन म्हणतात. कोरडें असतां तें रुपेरी दिसतें. पाणी पडतांच थोडक्या वेळांत तें भिजून आंतील हिरवा रंग वर येतो. पावसाची सर येऊन गेली तरी या आवरणांत धरलेलें पाणी मुळास सावकाश मिळतें. परंतु तें सतत भिजलेलें राहिलें तर आंत हवा जात नाहीं व मूळ गुदमरून कुजतें. म्हणून भिजणें आणि सुकणें या दोहोंचा आलटून-पालटून योग हेंच या मुळाचें जीवन होय.

दुसरी गोष्ट अशी कीं, मूळ केवळ टोंकाशीं वाढतें. तें हिरवें किंवा तांबूस टोंक अत्यंत नाजूक असून बोटाच्या धक्क्यानेंही मोडतें. सालीस एकदां चिकटलेलें मूळ उपटून काढल्यावर पुन्हां तसेंच चिकटत नाहीं. दुसऱ्या झाडास जें धरतें तें नव्यानें फुटलेलें मूळ. तेव्हां स्थलांतरित आमरीची सारी भिस्त जुन्या मुळांवर नसून यावयाच्या मुळांवर असते. जुनीं मुळें सुकून तारेसारखीं राहिलीं तरी त्यांचा उपयोग बांधण्यापुरता होतो.

तिसरी गोष्ट सांठ्याची. आमरींत दोन प्रकार आहेत. व्हँडा, सीतेची वेणी इत्यादि एकाच दांड्यावर वर वाढत जातात. त्यांचा सांठा जाड पानांत व दांड्यांत असतो आणि मुळें दांड्याच्या बाजूनें फुटतात. डेंड्रोबियम इत्यादि प्रतिवर्षीं बुडाशीं नवा कोंब काढतात. त्यांचा सांठा फुगीर कांड्यांत असतो व मुळें नव्या कोंबाच्या तळाशीं येतात. आपल्या सह्याद्रींतील डेंड्रोबियम बार्बाट्युलम ही उन्हाळ्याच्या तोंडाशीं पानें टाकून नुसत्या सुक्या कांड्यांवर पांढरीं फुलें आणते. ज्यास हा क्रम ठाऊक नाहीं तो ती मेली समजून फेंकून देईल, अगर जगवावी म्हणून पाणी घालघालून खरोखरच मारील. यावरून ‘पान नाहीं म्हणून प्राण नाहीं’ हें अनुमान आमरीच्या बाबतींत टिकत नाहीं.

६. पुनःस्थापनेचा नियम

वरील सर्व साक्षींचा मेळ घातला असतां नियम एका वाक्यांत सांगतां येतो. आमरीस खाऊ घालून मूळ फुटत नाहीं; तिचा झिजणारा सांठा राखला, तिच्या ऋतूची वाट पाहिली आणि मूळ दिसूं लागतांच तिला अचल आधार दिला, म्हणजे ती आपलें आपण स्थिर होते. याचा क्रम असा.

रोप हातीं येतांच कुजलेलीं, पिळपिळीत झालेलीं मुळें व पानें जाळावर तापविलेल्या सुरीनें कापून टाकावीं. कठीण राहिलेलीं ठेवावीं. कीड असल्यास ती इतर झाडांस लागूं नये म्हणून रोप कांहीं दिवस वेगळें राखावें. जखमा सुकण्यास दोन-तीन दिवस सावलींत कोरडें ठेवावें. नंतर तें मातींत अगर दाट शेवाळांत न पुरतां, सावलींत पण वाऱ्यांत टांगावें. व्हँडासारखें रोप शेंडा खालीं करून टांगण्याचीही रीत आहे. तीमुळें पानांच्या बेचक्यांत पाणी सांचत नाहीं. या अवस्थेंत पाणी रोपास नव्हे, तर भोंवतालच्या हवेस द्यावयाचें असतें. खालीं पसरट भांड्यांत ओली वाळू व विटांचे तुकडे ठेवावे, जमीन शिंपावी. मूळ नसलेल्या रोपास वरून पाण्याचा उपयोग थोडा व कुजण्याचें भय फार. पानें सुरकुतलीं तर सकाळच्या वेळीं हलका फवारा पुरे. खत मुळींच देऊं नये. फुलाचा तुरा आला तर तो खुडून टाकावा, कारण तुरा हा सांठ्यावरचा मोठा खर्च होय.

अशा स्थितींत आठवडे जातील, प्रसंगीं महिनेही जातील. एक दिवस दांड्याच्या कडेस ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा अगर तांबूस ठिपका दिसूं लागेल. तें नव्या मुळाचें टोंक. बांधण्याची वेळ तीच. त्याआधीं बांधल्यास जागा बदलतां येत नाहीं. फार उशीर केल्यास लांबलेलें टोंक बांधतांना मोडतें. काथ्यानें अगर सुती पट्टीनें रोप खडबडीत सालीवर असें बांधावें कीं, वाऱ्यानें तें तसूभरही हलूं नये. मात्र वाढीच्या डोळ्यावरून दोर जाऊं देऊं नये. रोप हललें कीं टोंक सालीवर घासून मरतें, आणि साऱ्या प्रतीक्षेवर पाणी पडतें. मूळ दोन-तीन बोटें लांबून सालीस चिकटलें म्हणजे पाणी वाढवावें, उजेड हळूहळू वाढवावा व मग अगदीं पातळ खत द्यावें. ज्या झाडाची साल दरवर्षीं सुटून पडते, उदाहरणार्थ पेरू अगर निलगिरी, तें आश्रयास निरुपयोगी होय.

७. अणदुरास हा नियम कसा लावावा

नियम एक असला तरी त्याचा काळ प्रदेशागणिक बदलतो. अणदूर भागांत चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो व हवा कोरडी ठणठणीत असते. त्या वेळीं आणलेलें मूळरहित रोप आपला सांठा मूळ फुटण्यापूर्वींच गमावतें. म्हणून रोप आणणें तें मृगाच्या सुमारास. म्हणजे पहिल्या पावसानें हवा ओलावेल तेव्हां तें टांगलेलें असेल आणि श्रावण-भाद्रपदांत मूळ सालीस धरील. कार्तिकानंतर नवा प्रयोग करूं नये. तोंवर जें स्थिर झालें तेंच पुढील उन्हाळा काढील.

झाड निवडावें तें आंब्याचें. तो सदापर्णी आहे, साल खडबडीत आहे, सावली पुरेशी आहे. त्यांतही विहिरीच्या काठचा आंबा उत्तम. रोप बुंध्याच्या पूर्वेस अगर उत्तरेस बांधावें. उन्हाळ्यांत पश्चिमेच्या बाजूस ओलें गोणपाट टांगल्यानें उष्ण वाऱ्याची धार मोडते. बोअरच्या पाण्यांत क्षार फार असल्यास मुळांच्या स्पंजावर पांढरा थर बसतो व त्याचीं छिद्रें बुजतात; म्हणून पागोळीचें पाणी सांठवून तेंच आमरीसाठीं राखावें. शिवाय जाड पानांच्या बहुतेक झाडावरील आमरी पानांचीं रंध्रें रात्रीं उघडतात, असें वनस्पतिशास्त्रांत सिद्ध झालें आहे. त्यामुळें दिवसाच्या कोरडेपणापेक्षां रात्रीची हवा ओली राखणें या प्रदेशांत अधिक फलदायी ठरतें. सायंकाळीं झाडाखालची जमीन शिंपण्याचें मर्म हेंच.

कोरड्या पठारावर ओलावा बांधून काढतां येतो, याचें थोर उदाहरण अणदुरापासून जवळच आहे. नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल रचला, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत. ज्यांनीं तो रचला त्यांनीं या भूमीची हवा बदलली नाहीं. पाण्याच्या भिंतीआड थंडाव्याची एक जागा मात्र निर्माण केली. आमरीसाठीं करावयाचें तें एवढेंच, फार लहान प्रमाणावर.

कोणती आमरी आणावी, हाही विचार आहे. घाटमाथ्यावरील धुक्यांत वाढणाऱ्या जातींपेक्षां कोरड्या रानांतही टिकणारी व्हँडा टेसेलाटा, जिच्या मुळांस कित्येक प्रांतांत रास्ना म्हणतात, ती येथें अधिक योग्य होय.

८. संग्राहकांचें कर्तव्य

रास्नेचा उल्लेख आला, त्यावरून या लेखांतील मुख्य प्रश्नाकडे येतों. रास्ना या एका नांवाखालीं बंगालकडे व्हँडाचीं मुळें, दक्षिणेकडे कोष्ठकोलिंजन व उत्तरेकडे प्लुचिया लँसिओलाटा ही जमिनींतील वनस्पति विकली जाते. शासकीय आयुर्वेदीय औषधिसंग्रहानें यांपैकीं शेवटची प्रमाण मानली आहे. म्हणजे येथेंही एका शब्दाच्या घोटाळ्यापायीं झाडावरची आमरी मुळांसकट ओरबाडली जाते. ती पुन्हां सहज येत नाहीं. आमरीचें बीं धुळीसारखें सूक्ष्म असून त्यांत अन्नसंचय नसतो. रानांत तें विशिष्ट बुरशीच्या साह्यावांचून रुजत नाहीं, हें नोएल बर्नार यानें इ. स. १८९९ मध्यें दाखविलें. इ. स. १९२२ मध्यें लुइस नुडसन यानें साखरयुक्त माध्यमावर तें बुरशीवांचून रुजविलें आणि इ. स. १९६० मध्यें झॉर्झ मोरेल यानें शेंड्याच्या पेशींपासून रोपें वाढविण्याची रीत आमरींस लागू केली. त्यामुळें आज प्रयोगशाळेंत वाढलेलीं रोपें सुलभ झालीं आहेत. ज्यास हौस आहे त्यानें तींच घ्यावीं. कांचेंतून बाहेर आलेल्या कोंवळ्या रोपासही वर सांगितलेला हवेच्या ओलाव्याचा नियमच लागतो. रानांतून मुळें तोडून आणलेलीं रोपें रस्त्याच्या कडेस विकत घेणें म्हणजे हूकरच्या सात ओझ्यांत आपलें एक भर घालणें होय. सर्व आमरी आज आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधाखालीं असून निळ्या व्हँडास इ. स. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण पुढें देण्यांत आलें आहे. वादळानें पडलेल्या अगर रस्तारुंदींत तोडलेल्या झाडावरची आमरी मात्र उचलून जगविणें हें पुण्यकर्म समजावें, आणि तेंही वनखात्यास कळवून, शक्य तों त्याच परिसरांतील दुसऱ्या झाडावर.

पोथी मिळाली तर ती कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्याच्या दप्तरांत व कोणत्या बाडांत होती हें टिपल्यावांचून जाणता संग्राहक पुढें जात नाहीं. ठिकाण हरवलेल्या पोथीचें अर्धें मोल जातें हें तो जाणतो. आमरीचें तसेंच आहे. कोणत्या गांवची, कोणत्या झाडावरची, झाडाच्या कोणत्या अंगास व कोणत्या महिन्यांत मिळाली, ही चिठ्ठी तिच्या बुडाशीं बांधलेली असली, तर तिच्या पुनःस्थापनेचा अर्धा विधि त्या चिठ्ठींतच सांपडतो. मल्याळी वैद्यांनीं ती चिठ्ठी नांवांतच गोंवली होती.

याच दृष्टीनें आमची वाचकांस विनंति आहे. आपल्या संग्रहांतील वैद्यकी बाडें, निघंटु व तंत्राच्या पोथ्या चाळतांना वंदा, बांदा, रास्ना, जीवंती, वृक्षरुहा हे शब्द जेथें जेथें येतील, तेथें शेजारीं कोणत्या झाडाचें नांव लिहिलें आहे तें पाहून त्याची नक्कल, पोथीचा लेखनकाळ व गांव यांसह करून ठेवावी. अशा पांच-पंचवीस नोंदी एकत्र झाल्या म्हणजे कोठें बांडगूळ अभिप्रेत आहे व कोठें आमरी, याचा निवाडा शब्दाच्या व्युत्पत्तीवर न राहतां साक्षीवर होईल. त्या निवाड्याचा उपयोग कोशापुरता न राहतां आंबराईंतील कोयता योग्य फांदीवर पडण्यासाठींही होईल.